हेडरचा सांधा आणि दिल्लीची हवा

दिल्लीच्या हवेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, गाडी किती वर्षांची? मी त्याआधी आणखी एक गोष्ट विचारते. इंजिनातून जळका वायू जिथून बाहेर पडतो, तिथला सांधा कसा आहे? फ्लॅंज सपाट आहे का, वेल्डिंग आतपर्यंत भरलं आहे का, गॅस्केट नीट बसलं आहे का? जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणाऱ्यांसाठी आपल्याकडे जो कायदा आहे, त्यात याची विचारणा कुठेच नाही. ती व्हायला हवी, आणि त्या कसोटीला उतरलेल्या गाडीला रीतसर नोंदणी मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

माझा धंदा डेअऱ्यांना स्टेनलेसच्या पाइपलाइन करून देण्याचा. काम शिकले कोल्हापुरात, वर्कशॉप टाकलं दिल्लीशेजारच्या फरिदाबादेत. दुधाच्या पाइपात सांध्यापाशी खाच राहिली तर तिथे दूध साचतं, नासतं आणि सगळा माल वाया जातो. त्यामुळे बाहेरून चकाकणाऱ्या वेल्डिंगवर आम्ही कधी समाधान मानत नाही, पाइपच्या आत डोकावून बघतो. ही सवय ऐकून एनसीआरमधले, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागातले, जुन्या गाड्यांचे शौकीन माझ्याकडे येऊ लागले. कुणाची ॲम्बेसेडर, कुणाची प्रीमियर पद्मिनी, कुणाची जीप. इंजिन बदललेलं असतं, आणि त्या गाडीत त्या इंजिनाला बसेल असा हेडर बाजारात तयार मिळत नाही. तो बनवूनच घ्यावा लागतो.

हेडर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. कारखान्यातून आलेल्या बहुतेक जुन्या इंजिनांना एक्झॉस्टसाठी बिडाचा मॅनिफोल्ड असतो. सगळ्या सिलिंडरांचा वायू त्या एकाच ओतीव डब्यात येतो आणि तिथून पाइपात जातो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला स्वतंत्र पाइप असतो, आणि हे पाइप पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, इंजिन मोकळा श्वास घेतं. ॲम्बेसेडरच्या मूळ १४८९ सीसी इंजिनाला मात्र चार सिलिंडर असून एक्झॉस्टची तोंडं तीनच असतात, कारण मधल्या दोन सिलिंडरांचं तोंड एकच. म्हणून तिथे चार पाइपांचा हेडर लागूच पडत नाही. प्रत्येक इंजिनाची अशी स्वतःची खोड असते, आणि परक्या गाडीत बसवलेल्या इंजिनाच्या बाबतीत त्यात गाडीच्या खोडींची भर पडते.

पद्मिनीचंच उदाहरण घ्या. मुंबईकरांना ही गाडी वेगळी सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावलेली. दिल्लीकडे या गाडीत मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन बसवण्याची चाल आहे. त्याला कारण आहे. जिप्सीचं इंजिन उभं बसतं, आणि तिचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसपासून सुटा असतो. त्यामुळे तो मागच्या चाकांवर चालणाऱ्या पद्मिनीच्या प्रोपेलर शाफ्टला जोडता येतो. इथवरचं काम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात उमेदवारी केलेला कुठलाही चांगला उस्ताद करून देतो. पुढे अडतं ते एक्झॉस्टपाशी. पाइप खाली उतरायच्या वाटेत स्टार्टर मोटर, क्लचची तार आणि क्रॉसमेंबर येतात. एक्झॉस्ट उजवीकडे येत असेल तर आपल्याकडच्या गाडीत थेट स्टीअरिंगच्या कॉलमशी गाठ पडते. डाव्या हाताच्या स्टीअरिंगसाठी परदेशात बनवलेले हेडर इथे उपयोगी पडत नाहीत, ते यामुळेच.

हे काम घाईने केलं की काय होतं, तेही सांगते. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा फ्लॅंज कापला, चार पाइप वेल्ड केले, बाहेरून बफिंग मारून आरशासारखा चमकवला आणि गाडीवर चढवला. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लॅंज केळ्यासारखा वाकलेला असतो. त्यावर स्ट्रेटएज ठेवली आणि फीलर गेज घातला तर मधोमध फट दिसते. मालक नट आवळून ती फट दाबायला बघतो. थोडे दिवस दबतेही. मग चढणीवर फट-फट आवाज सुरू होतो आणि गॅस्केट जळतं.

खरी पद्धत वेळखाऊ आहे. पाइपची जुळणी गाडीतच करायची, इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असताना. रेस दिली की इंजिन माउंटिंगवर एका अंगाला झुकतं, हे ध्यानात धरून स्टीअरिंग, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग यांच्यापासून मोकळी जागा सोडायची. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, आणि हेडर काढता-घालता येतो ना, स्टडवर पाना जातो ना, ते पाहायचं. मग तो उतरवून एखाद्या निकामी सिलिंडर हेडवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने आवळून पक्कं वेल्डिंग करायचं, थोडं इथे, थोडं तिथे, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. शेवटी फ्लॅंजचं तोंड मशिनवर घासून सपाट करायचं.

स्टेनलेस असेल तर आणखी एक गोष्ट. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आर्गन भरावा लागतो. तो भरला नाही तर बाहेरून सुंदर दिसणारं वेल्डिंग आतून करपतं, काळं आणि खडबडीत होतं. वायूची वाट तिथे अडते, आणि तापण्या-निवण्याच्या चक्रात तडा जातो तोही तिथूनच. स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त लांबतं. ३०४ जातीचा अर्धा मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. त्या वाढीला जागा नसेल तर ती वेल्डिंग तोडून जागा करून घेते. म्हणून दोन तोंडांच्या मधे फ्लॅंजला काप देतात, कडेची भोकं किंचित लांबट ठेवतात, कलेक्टरपाशी पाइप एकमेकांत सरकतील असे बसवतात आणि त्यापुढे लवचीक बेलोज जोडतात. गाडी पहिल्यांदा तापून थंड झाली की मधल्या नटापासून कडेकडे पुन्हा आवळणी करतात.

फिनिशिंगचाही बराच गैरसमज आहे. साधा रंग हेडरवर पहिल्याच फेरीत जळून जातो. सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग चालतो, पण तो टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. पाइपाला काचतंतूची पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात, धुक्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती पट्टी ओल धरून ठेवते आणि साध्या लोखंडाचा पाइप आतल्या आत गंजतो. स्टेनलेस तापून सोनेरी, मग निळसर होतं. ते तसंच राहू द्यावं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा चकाकीचा काही उपयोग होत नाही. तिथे हेडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा साधा पत्रा लावलेला असला तर गाडी चालत राहते.

एवढ्या खोलात गेले, कारण या सांध्याचा दिल्लीच्या हवेशी थेट संबंध आहे. इंजिनातून वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि फ्लॅंजला फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोल इंजेक्शनच्या इंजिनात पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याला ती हवा दिसते आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय असं तो समजतो. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल वाढतं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम बिघडतं आणि तो तापून लवकर निकामी होतो. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तर हीच फट पीयूसीच्या धूर मोजणाऱ्या यंत्राला फसवते. आत आलेल्या हवेने धूर पातळ होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. एक-दोन केसांच्या जाडीची फट हे सगळं करू शकते. ती शोधायला मात्र अवघड यंत्र लागत नाही. मागचं तोंड बंद करायचं, हलक्या दाबाने हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. डेअरीच्या पाइपलाइनला हीच चाचणी आम्ही रोज करतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसऱ्या बाजूला १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. ५० वर्षांवरच्या गाडीला २०,००० रुपये भरून नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली खास नोंदणी मिळते. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही.

याचा परिणाम बघा. १९७४ ची पद्मिनी आज या नियमात बसू शकते, तिचं जुनं कार्ब्युरेटरचं, कन्व्हर्टर नसलेलं इंजिन जागेवर असेल तर. पीयूसीत तिला कार्बन मोनॉक्साइडची मुभा ३ टक्क्यांपर्यंत आहे. तिच्यात इंजेक्शनचं इंजिन बसवलं, कन्व्हर्टर आणि सेन्सरसकट बसवलं, तर ते इंजिन मुळात ज्या प्रदूषण मापदंडावर विकलं गेलं तो बीएस-२ धरला तरी मर्यादा ०.५ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. पण कमी धूर सोडणाऱ्या या दुसऱ्या गाडीला कागदावर जागा नाही. मूळ गाडी जपावी हे मला मान्य आहे. ज्या गाड्या इतिहासाचा पुरावा आहेत त्यांच्या इंजिनाला हात लावू नये. मात्र ज्यांचं मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता ठेवायलाच हवा.

दिल्लीत वयाच्या नियमाचा प्रवास तर अजून चालू आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचं ठरलं, आणि काही दिवसांतच तो निर्णय स्थगित करावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई थांबवली. १७ डिसेंबर २०२५ ला ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे वयाच्या जोडीला इंजिन कोणत्या मापदंडाचं, हा निकष न्यायालयानेही धरला आहे. मग तोच निकष बदललेल्या इंजिनाला का लावू नये?

जगात हा रस्ता चोखाळलेला आहे. धुरक्याने ज्या लॉस एंजेलिसचा श्वास कोंडला होता, ते शहर असलेल्या कॅलिफोर्निया राज्यात इंजिन बदलायला परवानगी आहे. अट अशी की नवं इंजिन गाडीच्या सालातलं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनाबरोबर आलेली प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा, कन्व्हर्टर आणि सेन्सरसकट, सोबत बसवलेली हवी. ठरावीक केंद्रात तपासणी होते आणि गाडीची तशी नोंद होते. ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत फेरफार केलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवायला आठ गुण लागत. चॅसीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंगला प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. गाडीची ओळख इंजिनावर ठरत नाही, हे तिथल्या नियमाने मान्य केलं होतं.

आपल्यालाही हे नवं नाही. पेट्रोल गाडीला सीएनजीचं किट बसवणं आणि नोंदणीपत्रात त्याची नोंद करणं दिल्लीत वर्षानुवर्षं चालू आहे. इंजिन पूर्ण काढून विजेची मोटर बसवण्यालाही मान्यताप्राप्त किटची वाट आहे. अशी किट तपासणारी संस्था एआरएआय पुण्यात आहे आणि आयकॅट मानेसरला, म्हणजे एनसीआरमध्येच. वाहतूक खातं २०१४ पासून नागपूरच्या नितीन गडकरींकडे आहे. जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्या केंद्रांचे नियमही त्यांच्याच काळात, २०२१ मध्ये आले. या सगळ्या गोष्टी जोडून एक नियम करता येईल.

तो नियम असा असावा. इंजिन गाडीपेक्षा नवं हवं आणि मूळ कन्व्हर्टर, सेन्सरसकट बसवलेलं हवं. इंजिनाचा कागद हवा, म्हणजे नोंदणीकृत मोड केंद्रातून घेतल्याची पावती. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फोडण्याचा बाजार किती फोफावला होता आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो कसा बंद केला, हे एनसीआरला माहीत आहे. कागदाची अट त्यासाठीच आहे. मग तपासणी: वेल्डिंग आणि फ्लॅंजची गळती चाचणी, धुराची चाचणी त्या इंजिनाच्या स्वतःच्या मर्यादेवर, आवाजाची चाचणी, आणि वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरे पडतात का याची पाहणी. पास झाल्यावर नवा इंजिन क्रमांक नोंदणीपत्रावर, आणि वापर विंटेज गाडीसारखाच मर्यादित.

यावर आक्षेप येतील. दिल्लीत मुलं श्वासाला महाग झालेली असताना हौशी लोकांच्या गाड्यांची चिंता कशाला, हा पहिला. अशा गाड्या थोड्या आहेत म्हणून त्यांना सूट द्या, असं मी म्हणत नाही. उलट मी त्यांच्यावर तपासणी मागते आहे, जी आज होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या कागदावर आजही जुनंच इंजिन लिहिलेलं असतं. त्या लपतछपत निघतात, आणि त्यांचा धूर खऱ्या मर्यादेवर कुणी मोजत नाही. हे श्रीमंतांचे लाड आहेत, हा दुसरा आक्षेप. पण हेडर वेल्ड करणारा हात श्रीमंताचा नसतो. मायापुरी, काश्मिरी गेट, करोल बागेतले जे कारागीर डोळ्याने पोर्ट जुळवतात, त्यांच्या कौशल्याला आज ना प्रमाणपत्र आहे ना भाव. तपासणी आली की चांगल्या आणि वाईट कामातला फरक कागदावर दिसेल, आणि चांगल्या कामाला दाम मिळेल. आवाजाबद्दल म्हणाल, तर सायलेन्सर काढून बुलेटचे फटाके फोडणाऱ्यांशी आमचा संबंध जोडू नका. हेडरच्या पुढे सायलेन्सर हवाच. मोटार वाहन नियम १२० तो सक्तीचा करतो, आणि ते योग्यच आहे.

मंत्रालय जागं होईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. शौकिनांनी हेडरचे पैसे मोजताना गळतीची चाचणी समोर उभं राहून करून घ्यावी. कारागिरांनी चकाकीचं वेगळं बिल लावावं आणि सपाट फ्लॅंजची हमी लेखी द्यावी. ज्या मालकाला कन्व्हर्टर काढून हवा असतो, त्याचं काम मी घेत नाही, तो किती पैसे देतो ते विचारतही नाही. हे बंधन मी स्वतःवर घातलं आहे. ते कायद्याने सगळ्यांवर घालावं, आणि जो पाळेल त्याच्या हातात नोंदणीचा कागद द्यावा.